ऐंशी कळ्यांचा देवमासा

जयपुरात हत्तीचं कौतुक कुणालाच नाही. भाजी आणायला निघालं तरी वाटेत एखादा भेटतो आणि सायकलवाले घंटीसुद्धा न वाजवता त्याच्या बाजूने निघून जातात. म्हणून मुलींच्या कॉलेजला नवी विज्ञान इमारत मिळाली आणि उद्घाटनाला काहीतरी भव्य ठेवायचं ठरलं, तेव्हा हत्तीचा सांगाडा मागवण्याची सूचना प्राचार्या माथुर मॅडमनी जागच्या जागी फेटाळली.

"हत्तीपेक्षा मोठं काय आहे?" त्यांनी प्राणिशास्त्राच्या व्याख्यात्या विनया पोतनीस यांना विचारलं.

"निळा देवमासा. ब्लू व्हेल," विनया म्हणाली. विचारलं म्हणून तिने सांगितलं. त्यातून पुढे काही निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"किती मोठा?"

"ऐंशी फूट. नव्वदही असतो."

"ऐंशी पुरे," माथुर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं: व्हेल, ऐंशी फूट, फेब्रुवारी.

ही गोष्ट १९६१ च्या ऑक्टोबरातली. विनया मूळची अमरावतीची. नवरा श्यामकांत विम्याच्या ऑफिसात अधिकारी. त्याची बदली झाली म्हणून चार वर्षांपूर्वी ते दोघं आणि त्यांची मुलगी चित्रा जयपूरला आले आणि राजा पार्कात वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. विनयाने समुद्र पाहिलेला नव्हता. एम.एस्सी.ला असताना वर्गाची सहल समुद्रावर गेली तेव्हा ती विषमज्वराने आजारी होती. व्हेलबद्दल तिला जे माहीत होतं ते कॉलेजच्या लायब्ररीतल्या तीन जाड खंडांतून आलेलं. देश सोडून जाताना कुणा इंग्रज साहेबाने पुस्तकांच्या पेट्या कॉलेजला दिल्या होत्या, त्यांत घोड्यांच्या रोगांवरच्या पुस्तकांबरोबर दक्षिण महासागरातल्या व्हेलांचे अहवालही आले. ते तिच्याशिवाय कुणी उघडले नव्हते. तिने मात्र तिन्ही खंड दोनदा वाचले होते. व्हेल किती खोल बुडी मारतो, किती वेळाने वर येतो, त्याच्या पोटात काय सापडलं, किती सापडलं, सगळं त्यात होतं.

घरी तिने बातमी सांगितली.

"ऐंशी फूट?" श्यामकांत म्हणाला. "कशाचा करणार?"

"ते माझ्यावर सोपवलंय."

"अगं, पण तू शिकवायला आहेस ना तिथे?"

"मी त्यांना हो म्हटलं नाही. त्यांनी विचारलंच नाही."

चित्रा सात वर्षांची होती आणि शाळेतल्या हिंदीत जेवढं मराठी मिसळेल तेवढं बोलायची. "आई, व्हेल मतलब मछलीच ना?"

"नाही. तो आपल्यासारखा श्वास घेतो. पाण्याच्या वर येऊन घेतो, मग बुडी मारतो."

"कितनी देर?"

"हा निळा दहा-पंधरा मिनिटं. दात असलेला एक असतो, तो तासभर."

चित्राने लगेच नाक दाबून धरलं. श्यामकांतने घड्याळ पाहिलं. एकतीस सेकंद भरले. चित्राला तो आकडा कमी वाटला आणि पुढे महिनाभर ती वेळी-अवेळी गाल फुगवून बसायची. शाळेच्या बाईंनी एकदा चिठ्ठी पाठवून घरी काही झालंय का, अशी चौकशीही केली.

सांगाड्याचं काम सोपं निघालं. लग्नाचे मंडप घालणाऱ्याने बांबूच्या सांगाड्याचा आराखडा पाहिला, "नवरा-नवरी बसणार कुठे?" एवढंच विचारलं, आणि कुणी बसणार नाही म्हटल्यावर काम घेतलं. अडचण कातडीची होती. विनयाच्या हिशेबाने दोनशे वारांच्या वर कापड लागणार होतं, आणि ते पाटीच्या रंगासारखं निळं-करडं, वर फिकट ठिपक्यांची नक्षी असलेलं हवं होतं. ती बसने बगरूला गेली. तिथले छीपा, म्हणजे कापड छापणारे, चिखलाचा लेप देऊन कापड निळीत बुडवतात. लेपाखालची जागा पांढरी राहते आणि तीच बुटी होते. तिथल्या एका म्हाताऱ्या छीपाने तिने आणलेला फोटो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"बुटी कोणती आहे ही?"

"बुटी नाही. अंगावरचे डाग आहेत. प्रत्येकाचे वेगळे."

"लेप तडकला की असं होतं," तो म्हणाला. "नीळ आत शिरते. ही चूक आहे, बहनजी."

"अशीच पाहिजे."

"दोनशे वार चूक पाहिजे?"

"दोनशे तीस धरा."

त्याने काम घेतलं खरं, पण पहिला गठ्ठा आला तो नीटनेटका, एकसारख्या ठिपक्यांचा. पन्नास वर्षांचा हात. त्याच्याकडून चूक होईना. शेवटी त्याने लेप दिलेलं कापड भर उन्हात टाकलं, वरून सगळ्या घराला चालायला लावलं आणि मगच निळीत घातलं. दुसरा गठ्ठा थेट फोटोसारखा उतरला. मात्र कापडावर आपलं नाव लावू नका, अशी त्याने हात जोडून विनंती केली.

राहिला गळा. निळ्या व्हेलच्या हनुवटीपासून बेंबीपर्यंत लांबच लांब चुण्या असतात. तोंड उघडून तो पाण्यात घुसला की त्या चुण्या सुटतात, गळा फुगतो आणि खोलीच्या खोली मावेल एवढं पाणी आत येतं. मग तोंड मिटून तो पाणी बाहेर ढकलतो आणि वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या चाळणीत खाणं अडकून राहतं. हे कापडात करून दाखवायचं तर माथुर मॅडमच्या मते एकच माणूस होता: रामगंजातला घागरे शिवणारा अल्लानूर मास्टर.

अल्लानूर मास्टर साठीचा, बारीक, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. दुकानात एक मशीन, एक टेबल आणि भिंतीवर घागरे. विनयाने अहवालातली आकृती समोर ठेवली.

"चुण्या किती?"

"पंचावन्नपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत असतात."

"ऐंशी ठेवू. ऐंशी कळ्यांचा, ऐंशी पट्ट्या जोडलेला घागरा माझ्या हातातला आहे." त्याने आकृती उलटी करून पाहिली. "बाई उलटी धरल्यासारखी आहे. होईल. पण मी आधी नमुना करतो. दहा फुटाला एक फूट."

नमुना म्हणजे आठ फुटांचा व्हेल. दोन आठवड्यांनी विनया पाहायला गेली तेव्हा तो दुकानाच्या फरशीवर तोंड उघडून पडला होता आणि गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून आत येत होती. गळा आतून मेणकापडाचा, बाहेरून चुण्यांचा. वरच्या जबड्याला, उन्हाळ्यात खिडक्यांना लावायच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, टट्ट्या करणाऱ्याकडून आणलेल्या झालरी. विनयाला ते इतकं आवडलं की तिने खाली बसून तोंडात हात घातला.

"बहनजी, एक विचारायचं राहिलं," मास्टर म्हणाला. "याला जीभ असते?"

"असते. मोठी असते. अडीच-तीन टनांची. एका हत्तीएवढी म्हणा."

मास्टरने मान हलवली आणि विचार केला. "तोंडात एक हत्ती आहे. आता याने तोंड उघडलं आणि पाणी आत आलं. तोंड पाण्याने भरलं. मग हत्ती कुठे गेला?"

विनयाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिच्या लक्षात आलं की तिला उत्तर माहीत नाही. तिन्ही खंडांत जिभेचं वजन होतं, लांबी होती, तिच्यातल्या चरबीचं प्रमाण होतं. पाणी आत आल्यावर ती कुठे जाते, हे कुठे वाचल्याचं आठवेना.

"तिथेच राहत असेल," ती म्हणाली.

"मग पाणी राहणार नाही," मास्टर म्हणाला. त्याने कोपऱ्यातून कापूस ठासून भरलेली एक लांबट उशी काढली. पुस्तकातल्या मापाची जीभ त्याने करून ठेवली होती. ती नमुन्याच्या तोंडात बसवून त्याने नळावरून बादल्या आणल्या. दुसरी बादली ओतताच पाणी तोंडातून परत आलं आणि रामगंजाच्या रस्त्यावर वाहू लागलं. "पाहा."

जीभ काढून ओतलं तेव्हा सहा बादल्या मावल्या.

विनया घरी येऊन पुन्हा खंड घेऊन बसली. श्यामकांतने चहा करून आणला.

"काय हरवलंय?"

"जीभ."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "पाणी गिळत असेल."

"एवढं मीठ पोटात गेलं तर मरेल तो."

"मग थोडंच पाणी घेत असेल."

"फुगलेल्या गळ्याचे फोटो आहेत, अहो. बेडकासारखा फुगतो."

श्यामकांतने विम्याचे दावे तपासण्यात बारा वर्षं घालवली होती. एखादी वस्तू एका जागी नसेल तर ती दुसरीकडे असते, एवढं त्याला अनुभवाने माहीत होतं. ते त्याने सांगितलं. विनयाला त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते अहवाल छापणाऱ्या इंग्लंडमधल्या संस्थेला हवाई टपालाने पत्र लिहिलं. त्यात तिने प्रश्न कुणाचा आहे हेही लिहिलं: जयपूर शहरातले एक घागरे शिवणारे कारागीर. लिहिल्यावर तिला वाटलं की हे खोडावं. पण पत्र खाडाखोड करून पाठवणं बरं दिसलं नसतं.

उत्तराची वाट पाहण्यात डिसेंबर गेला. मैदानावर शामियान्याखाली बांबूचा सांगाडा उभा राहिला. शेपूट वर, डोकं खाली, बुडी मारायच्या बेतात. मुली जाता-येता त्याखालून जाऊ लागल्या. अल्लानूर मास्टर मोठ्या गळ्याच्या कळ्या कापत होता आणि मधल्या वेळात जिभेवर विचार करत होता. एक दिवस त्याने विनयाला बोलावून घेतलं.

"माझ्या हिशेबाने जीभ अशी आहे," तो म्हणाला आणि त्याने अंगातल्या कुडत्याची बाही मनगटाशी धरून आतल्या बाजूने ओढली. बाही उलटी होऊन आत गेली. "भरीव नाही. पोकळ आहे, सैल आहे. पाण्याचा धक्का बसला की अशी उलटते आणि गळ्याच्या तळाशी, पार बेंबीपर्यंत, अस्तरासारखी पसरते. पाणी तिच्यातच मावतं. मग आखडून परत बाहेर येते. पुन्हा जीभ."

त्याने तशी जीभ शिवली होती. बादल्या ओतल्या. पहिल्याच बादलीला जीभ डुबकन उलटली आणि दिसेनाशी झाली. सहाच्या सहा मावल्या. मास्टरने गळ्याची दोरी ओढली, खसच्या झालरीतून पाणी गळून गेलं, फरशी ओली झाली, दुकानभर उन्हाळ्यासारखा वास सुटला, आणि जीभ हळूहळू आपल्या जागी आली.

विनयाने ती बोटाने पुन्हा एकदा आत ढकलून पाहिली.

"हे पुस्तकात नाही, मास्टर."

"मग पुस्तकातली बसवा," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. कापसाची उशी त्याने खरोखरच कागदात गुंडाळून तिच्यापुढे ठेवली.

ती दोन्ही जिभा घेऊन रिक्षाने घरी आली आणि त्या रात्रीच्या जेवणापर्यंत टेबलावरच राहिल्या. चित्राने उलटणारी जीभ हातावर चढवून पाहिली आणि ती आपल्याला ठेवता येईल का विचारलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. पत्र एका शास्त्रज्ञाचं होतं. त्याने सात हंगाम दक्षिण महासागरात व्हेल पकडणाऱ्या जहाजांवर काढले होते. त्याने लिहिलं होतं की आपण शेकडो व्हेल उघडून पाहिले आहेत. मेलेल्या व्हेलची जीभ फार सैल असते, डेकवर ओढली की अंथरुणासारखी पसरते, आणि तिच्यावरून घसरून आपला एक सहकारी पाय मोडून बसला होता. पण जिवंत व्हेल पाणी घेताना ती कुठे जाते, हे आपण पाहिलेलं नाही आणि ज्याने पाहिलं आहे असा माणूसही आपल्याला माहीत नाही. आजवर हा प्रश्न आम्हांला कुणी विचारलाही नव्हता. तुमच्या कारागिराचं काही मत असल्यास कळवावं.

विनयाने ते पत्र रामगंजात नेऊन मास्टरला हिंदीत समजावून सांगितलं.

"सात वर्षं तिथे राहिला?" मास्टरने विचारलं.

"सात उन्हाळे."

"थंडी फार असेल."

"तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्याहून थंड."

"मग घाईत पाहिलं असेल," मास्टर म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं.

विनयाने ठरवलं. नमुन्यात मास्टरची जीभ बसली आणि शेजारी तिने स्वतःच्या अक्षरात फलक लावला: जिभेची ही रचना अनुमान आहे; सिद्ध झालेली नाही. अनुमान: अल्लानूर मास्टर, रामगंज.

माथुर मॅडमनी फलक वाचला. "मिसेस पोतनीस, शास्त्राच्या फलकावर शिंप्याचं नाव?"

"अनुमान त्यांचं आहे."

"तुमचं लिहा. कॉलेजचं लिहा."

"माझं अनुमान कापसाच्या उशीचं होतं, मॅडम. त्यात दोनच बादल्या मावतात."

माथुर मॅडम राज्यशास्त्राच्या होत्या. त्यांना बादल्यांचा युक्तिवाद खोडता आला नाही. त्यांनी फलक राहू दिला, पण नमुन्याच्या मागच्या बाजूला हलवला. विनयाने दुसऱ्या दिवशी तो पुढे आणला. मॅडमनी तो पाहिला आणि त्या पुढच्या कामाला निघून गेल्या, कारण त्यांना त्याहून मोठी काळजी होती.

काळजी सेठ केसरीचंदांची होती. इमारत त्यांनी बांधून दिली होती. जौहरी बाजारातले जुने जव्हेरी, वय पंचाहत्तर, धर्माने जैन आणि आचरणानेही. उद्घाटनाला खरं तर मंत्री यायचे, पण फेब्रुवारीत निवडणुका लागल्या, मंत्री गावोगाव फिरत होते, तेव्हा फीत सेठजींनीच कापायची ठरली. आणि व्हेलच्या आहाराच्या फलकाचा मजकूर तयार होता: एका घासात क्रिल नावाचे कोळंबीसारखे लाखो जीव.

माथुर मॅडमनी 'लाखो' खोडलं. मग 'कोळंबीसारखे' खोडलं. दोन दिवसांनी 'समुद्रातले सूक्ष्म जीव' उरलं होतं, त्यातलाही 'जीव' त्यांना टोचू लागला. शेवटी फलक रंगून आला तो असा: आहार — साधा.

"हे खोटं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"खोटं नाही," विनया म्हणाली. "कळतही काही नाही."

"तेच हवं आहे."

नमुन्यात पाणी ओतून दाखवताना क्रिल म्हणून विनया गाजराचा कीस वापरणार होती; जयपूरची लाल गाजरं रंगाला अगदी बरोबर होती. पण सेठजींच्या घरी कंदमुळं चालत नाहीत, म्हणून गाजर गेलं आणि डाळिंबाचे दाणे आले. ते खरं तर गाजराहूनही सरस दिसले.

उद्घाटन सकाळी दहाला झालं. ऊन कोवळं होतं, वारा बेताचा. सेठजी पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट आणि केशरी पगडीत आले. त्यांनी फीत कापली, इमारतीकडे नजर टाकून "अच्छा है" म्हटलं आणि ते व्हेलकडे वळले. ऐंशी फूट निळं कापड वाऱ्याने हळूच आत-बाहेर होत होतं. सेठजी डोक्याकडून शेपटीकडे चालत गेले आणि परत आले. त्याला काही वेळ लागला. मागून सगळा स्टाफ चालत गेला आणि परत आला.

"हा करतोय काय?" त्यांनी विनयाला विचारलं.

"बुडी मारतोय, सेठजी."

"आत किती वेळ राहतो?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"तेवढ्या वेळात श्वास?"

"एकही नाही."

"आणि हृदय?"

"मंद होत असावं. सीलमध्ये होतं, त्यावरून म्हणतात. याचं कुणी मोजलेलं नाही."

सेठजींना हे आवडलेलं दिसलं. ते नमुन्यापाशी आले. विनयाने दाणे घातलेलं पाणी ओतलं, जीभ उलटली, अल्लानूर मास्टरने दोरी ओढली, पाणी खसमधून निघून गेलं आणि झालरीत डाळिंबाचे लाल दाणे अडकून राहिले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सेठजींनी फलक वाचला.

"आहार साधा. साधा म्हणजे?"

"समुद्रातलंच काहीतरी, सेठजी," माथुर मॅडम घाईने म्हणाल्या. "हलकं."

सेठजींनी विनयाकडे पाहिलं. ते सगळ्यांत वयस्क होते, त्यांनी इमारत दिली होती आणि त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. विनयाला माथुर मॅडमच्या हातातला रुमाल दिसत होता. तो पिळला जात होता.

"जीव आहेत, सेठजी," ती म्हणाली. "क्रिल म्हणतात. बोटाएवढे. त्यांना डोळे असतात, पाय असतात."

"एका घासात किती?"

"मोजलेले नाहीत. लाखांत असावेत."

"आणि दिवसाला घास?"

"पुष्कळ."

सेठजी झालरीतल्या दाण्यांकडे बघत होते.

"बारा महिने खातो?"

"नाही. चार महिने. दक्षिण ध्रुवाकडे उन्हाळा असतो तेवढेच. त्या थंड पाण्यात खाणं उदंड असतं. मग बर्फ पसरतं आणि तो गरम समुद्राकडे निघून येतो. इकडे त्याच्या खाण्याचं फारसं काही नसतं."

"मग आठ महिने काय खातो?"

"जवळजवळ काहीच नाही. अंगातल्या चरबीवर राहतो. मादी याच काळात पिल्लाला जन्म देते आणि दूधही पाजते."

"उपाशीपोटी पाजते?"

"हो."

"हे कशावरून?"

"गरम समुद्रात मारलेल्या व्हेलांची पोटं उघडली, ती रिकामी निघाली."

"कोण मारतं?"

"माणसं. चरबीसाठी. तिचा साबण करतात." विनयाने हातातली बादली खाली ठेवली. "मला जेवढं माहीत आहे, सेठजी, ते सगळं मारलेल्यांकडूनच कळलेलं आहे."

सेठजींनी खुर्ची मागितली. खुर्ची आली. ती त्यांनी व्हेलच्या तोंडासमोर ठेवायला लावली आणि ते बसले. पाठीमागे दीडशे माणसं उभी राहिली. चहा थंड होत होता आणि बँडवाल्यांना वाजवावं की नाही ते कळत नव्हतं.

"माझ्या आईने मासखमण केलं होतं," सेठजी बऱ्याच वेळाने म्हणाले. "तीस दिवस फक्त उकळलेलं पाणी. शेवटच्या दिवशी सगळी गल्ली दर्शनाला आली होती. मी अकरा वर्षांचा होतो. तिने मला हाक मारली तर आवाज निघेना." मग फलकाकडे बोट करून ते म्हणाले, "ते पुसून टाका. बाईंनी सांगितलं ते सगळं लिहा. लाखांचंही लिहा आणि आठ महिन्यांचंही."

"दोन्ही?" माथुर मॅडमनी विचारलं.

"दोन्ही खरं आहे ना?"

फलक दुपारपर्यंत बदलला. जव्हेऱ्यांच्या गल्लीत बातमी पोचायला त्याहून कमी वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर रीघ लागली. मुलींचे पालक आले, मग शेजारी, मग सोडाल्याहून बैलगाड्या करून माणसं आली. म्हाताऱ्या बाया व्हेलपुढे हात जोडून उभ्या राहत. कुणी तांदूळ वाहिले, कुणी नारळ. विनया त्यांना सांगायची की हा नुसता प्राणी आहे, त्याला खायला मिळत नाही म्हणून तो खात नाही. बाया ते शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग नमस्कार करायच्या. चौथ्या दिवशी माथुर मॅडमनी पाटी लावली: व्हेलला नारळ वाहू नये. तेव्हा लोक नारळ पाटीपुढे ठेवू लागले.

अल्लानूर मास्टर एका शुक्रवारी दुपारी बायकोला घेऊन आला. ती तारीफ करील म्हणून तो बाजूला उभा राहिला. तिने गळ्याखाली जाऊन एकेक कळी मोजली आणि एकोणसाठावी तिरकी आहे असं सांगितलं. ती खरोखर तिरकी होती. मग तिने त्याच्या नावाचा फलक कुणाकडून तरी वाचून घेतला, दोनदा, आणि येताना मागून आलेली ती परतताना त्याच्या बरोबरीने चालत होती.

मार्चात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. विनयाच्या वर्गातल्या तारामतीला त्यांनी व्हेल कसा खातो ते विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं आणि जीभ बाहीसारखी उलटत असावी, हे अनुमान आहे, असंही सांगितलं.

"कोणाचं अनुमान?"

"अल्लानूर मास्टरांचं."

"कोणत्या विद्यापीठाचे?"

"रामगंजचे," तारामती म्हणाली.

परीक्षकांनी ते नाव लिहून घेतलं. मार्क कापले नाहीत. नाव माहीत नाही हे विद्यार्थिनीसमोर दाखवणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं.

एप्रिलच्या पहिल्या धुळीच्या आंधीत शामियाना फाटला, तेव्हा माथुर मॅडमनी व्हेल उतरवायला सांगितलं. खसच्या झालरी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना लागल्या. सेठजींनी निरोप पाठवून निळं कापड मागून घेतलं. त्याचं त्यांनी काय केलं हे कुणी विचारलं नाही. बांबू मंडपवाला घेऊन गेला आणि त्याच आठवड्यात त्यांच्याखाली दोन लग्नं लागली.

एक काम राहिलं होतं. इंग्लंडच्या शास्त्रज्ञाने कारागिराचं मत विचारलं होतं आणि त्याला कळवायचं होतं. विनयाने पत्र लिहिलं, आकृत्या काढल्या, पण आकृतीत जीभ उलटत नव्हती. मास्टर म्हणाला, "कागदाने काय होणार? हातात दिली की कळेल." त्याने दीड फुटांची नवी जीभ शिवली, शिवण आतून घेतली आणि टोकाला खूण म्हणून लाल दोऱ्याचा एक टाका घातला.

विनया ती घेऊन मोठ्या टपाल कचेरीत गेली. परदेशी पार्सलच्या खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म दिला. 'आतील वस्तू' या रकान्यासमोर तिने लिहिलं: जीभ, कापडी, एक.

कारकुनाने फॉर्म वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"कुणाची?"

"व्हेलची."

"तो आठ महिन्यांच्या उपासवाला?"

"तोच."

त्याने पार्सल तराजूवर ठेवलं, वजन लिहिलं, तिकिटं चिकटवली आणि चारही बाजूंनी शिक्के मारले. मग पार्सल पोत्यात न टाकता बाजूच्या टेबलावर वेगळं ठेवलं. "नाजूक आहे ना," तो म्हणाला. विनयाने ते नाजूक नाही, ओढलं तरी चालतं, असं सांगितलं. तरी त्याने ते टेबलावरच राहू दिलं. तिने पावती पर्समध्ये घातली आणि ती बाहेर येऊन राजा पार्कची रिक्षा शोधू लागली. ऊन तापलं होतं आणि घरी तपासायचे पेपर पडले होते.